पट्टी निमित्त, ओल आपलीच

साक्षीदार नाही, कागद नाही, अशा वेळी प्राचीन भारतात आरोपीला दिव्य करायला लावत. अग्नी, जल, विष, तुला यांच्या बरोबरीने स्मृतिग्रंथांनी तांदळाचंही एक दिव्य सांगितलं आहे आणि ते चोरीच्या आरोपासाठी राखून ठेवलं आहे. संशयिताने दिलेले तांदूळ चावायचे आणि पानावर थुंकायचे. थुंकीत रक्त दिसलं, टाळू सोलली, अंग कापू लागलं, तर तो दोषी. यात देवाचा कौल किती होता हे बाजूला ठेवू. पण शरीराचा एक नियम मात्र त्यात होता. माणूस घाबरला की त्याची पातळ लाळ आटते आणि कोरड्या तोंडात तांदळाची कणी खरवडते. अर्थात निरपराध पण भित्रा माणूसही या परीक्षेत चोर ठरला असणार.

भीतीची कोरड भीतीबरोबर जाते. काहींच्या तोंडाची कोरड मात्र सकाळी उठल्यावरही असते आणि रात्री निजतानाही. भाकरीचा घास आमटीत बुडवल्याशिवाय खाली उतरत नाही. बोलता बोलता जीभ टाळूला चिकटते. वरची कवळी लाळेच्या पातळ थरामुळेच टाळूला धरून राहते, ती आता सैल होते. रात्री पाण्यासाठी उठावं लागतं, मग त्या पाण्यामुळे पुन्हा उठावं लागतं. जेमतेम तिखट असलेली भाजीही झोंबते. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, म्हणून घरचे म्हणतात, ‘पाणी पी की जरा.’

अशा लोकांसाठी गेल्या काही वर्षांत एक छोटी वस्तू बाजारात आली आहे: हिरडीला किंवा टाळूला चिकटवायची चकती, म्हणजेच तोंडातली पट्टी. आकाराने गोळीएवढी. एक बाजू चिकट. झोपताना दाढेजवळच्या हिरडीवर दाबून ठेवायची आणि झोपून जायचं. ती हळूहळू विरघळत राहते. अमेरिकेत ‘झायलीमेल्ट्स’ या नावाची चकती औषधांच्या दुकानात सहज मिळते, ‘ओरामॉइस्ट’ नावाची टाळूला लावायची पट्टीही निघाली. जाहिरातींचा सूर एकच असतो, की ही पट्टी रात्रभर ओलावा सोडत राहते.

ती ओलावा सोडते म्हणजे नेमकं काय करते?

अर्ध्या ग्रॅममध्ये किती पाणी?

थोडा हिशोब करू. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ येते. जागेपणी, काही खात नसताना, तिचा वेग मिनिटाला 0.3 ते 0.4 मिलिलिटर असतो. चघळायला लागलं की तो कित्येक पटींनी वाढतो. गाढ झोपेत तो 0.1 मिलिलिटरपर्यंत किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणजे निरोगी माणसालाही सात तासांच्या झोपेत जेमतेम 40 मिलिलिटर लाळ मिळते, चहाच्या टपरीवरच्या कटिंगपेक्षाही कमी.

आता चकतीकडे पाहा. तिचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. ती सगळीच्या सगळी पाण्याची बनवली असती, तरी झोपेतल्या मंद वेगाने ती पाच मिनिटांत संपली असती. प्रत्यक्षात ती जवळपास कोरडीच असते. साठवलेलं पाणी थेंबथेंब सोडणारी टाकी तिच्यात नाही, असूही शकत नाही.

तरीही अनेकांना तिचा उपयोग होतो, कारण ती तीन वेगवेगळी कामं करते. चव आणि स्पर्श यांनी लाळग्रंथींना चेतवते. तिच्यातला डिंक आणि सेल्युलोज लाळेत उतरून जी काही ओल आहे तिला बुळबुळीतपणा देतात, त्यामुळे जीभ गालाला घासत नाही. आणि ती ओल तोंडात जरा जास्त वेळ टिकते. यातली पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पट्टीमुळे तोंडात येणारं पाणी आपल्याच ग्रंथींचं असतं. त्यामुळे पट्टीचा उपयोग कुणाला होईल, हे ग्रंथी कितपत शाबूत आहेत यावर ठरतं.

लाळ येते कुठून

आपल्याकडे लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या आहेत. कानाजवळची जोडी सर्वांत मोठी. तिची नळी वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालात उघडते. दुसरी जबड्याखाली, तिसरी जिभेखाली. त्यांच्याशिवाय ओठ, गाल आणि टाळूच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. खाताना कानाजवळच्या ग्रंथी पाणीदार लाळेचा मोठा वाटा उचलतात. विसाव्याच्या वेळी मुख्य भार जबड्याखालच्या ग्रंथींवर असतो. बारीक ग्रंथी लाळ थोडीच देतात, पण म्यूसिन नावाची बुळबुळीत प्रथिनं त्यांच्याकडून भरपूर मिळतात आणि तोंड मऊ राहण्यात त्यांचा वाटा मोठा असतो.

लाळ म्हणजे 99 टक्के पाणी. उरलेल्या एका टक्क्यात खरी करामत आहे. बायकार्बोनेट आम्ल शमवतं, कॅल्शियम आणि फॉस्फेट दातांची झीज भरून काढतात, लायसोझाइम आणि प्रतिपिंडं जंतूंना आवरतात, अमायलेज पिष्टमय पदार्थ फोडतं. म्हणून कोरड्या तोंडाचा त्रास तहानेपुरता राहत नाही. तोंडात आम्लता वाढून पीएच 5.5च्या खाली गेला की दातांचं कवच विरघळू लागतं. लाळ नसेल तर तिथून वर यायला फार वेळ लागतो. मग हिरडीलगत, जिथे सहसा कीड लागत नाही, तिथे दात किडतात. बुरशी वाढते, ओठांचे कोपरे फाटतात.

घोट गिळल्यानंतर तोंडात एक मिलिलिटरहूनही कमी लाळ उरते, आणि तीच सगळ्या पृष्ठभागावर केसाच्या जाडीएवढ्या थरात पसरते. टाळूवर हा थर सर्वांत पातळ असतो. म्हणूनच कोरड आधी टाळूला जाणवते. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे कॉलिन डॉस यांनी 1980च्या दशकात दाखवून दिलं, की माणसाची लाळ त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या प्रमाणाच्या साधारण निम्म्यावर आली की त्याला कोरड जाणवू लागते. म्हणजे ग्रंथी पूर्ण बंद पडाव्या लागत नाहीत. अनेकांची निम्मी ताकद अजून शिल्लक असते, आणि नेमकी त्यांच्याच बाबतीत पट्टीला काम करायला वाव असतो.

धोत्र्याची करणी

लाळेचा हुकूम मेंदूच्या बुंध्यातून निघतो. चव, वास, चावणं, जिभेला झालेला स्पर्श या सगळ्यांची वर्दी तिथे पोचते आणि मज्जातंतूंच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं. ते ग्रंथीच्या पेशींवर बसलं की पेशी पाणी सोडतात. ही बसण्याची जागाच अडवली तर हुकूम निघूनही लाळ येत नाही.

आपल्या रानात, उकिरड्यावर उगवणारा धोत्रा हेच करतो. त्याच्यातलं अ‍ॅट्रोपिन आणि हायोसिन ती जागा अडवतात. म्हणून धोत्र्याच्या विषबाधेत तोंड लाकडासारखं कोरडं पडतं, बाहुल्या विस्फारतात. शस्त्रक्रियेआधी तोंडातले स्राव कमी करण्यासाठी डॉक्टरांनी याच गुणाचा वापर वर्षानुवर्षं केला.

आज अशाच तऱ्हेने काम करणारी कितीतरी औषधं घरोघरी आहेत. सर्दीवरचं क्लोरफेनिरामिन, मज्जातंतूंच्या दुखण्यावर आणि नैराश्यावर दिली जाणारी अमिट्रिप्टिलीन, लघवीच्या घाईवरची ऑक्सीब्युटिनिन. लघवीवाटे पाणी काढणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या वेगळ्या मार्गाने तिथेच पोचतात. उतारवयात कोरड पडते ती वयामुळे, असं आपण सहज म्हणतो. बहुतेक वेळा ती वयाबरोबर वाढलेल्या गोळ्यांमुळे असते. एका गोळीने जे होत नाही ते चार गोळ्या मिळून करतात. इथे दिलासा हा, की ग्रंथी शाबूत असतात, त्यांना फक्त दाबून ठेवलेलं असतं.

दुसरं कारण श्योग्रेनचा आजार. हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने 1933 साली आपल्या प्रबंधात त्याचं सविस्तर वर्णन केलं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवर चालून जाते. रुग्णांत स्त्रियांचं प्रमाण फार मोठं. डोळ्यांत खडे टोचल्यासारखं होणं आणि तोंडाला कोरड, हे दोन्ही एकत्र असेल तर या आजाराचा विचार करावाच लागतो. ताब्यात नसलेला मधुमेह, घोरणं, नाक चोंदल्याने तोंडाने श्वास घेणं, ही कारणंही नेहमीची.

तिसरं कारण महाराष्ट्राला विशेष जवळचं आहे. तंबाखू, मिश्री आणि गुटख्याने इथे तोंडाचा कर्करोग घरोघरी ओळखीचा करून टाकला. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी जुन्या सवयींची किंमत अजून चुकती होते आहे. या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर अनेकदा रेडिएशन द्यावं लागतं. लाळग्रंथी किरणांपुढे फार नाजूक असतात. कानाजवळच्या ग्रंथीला मिळणारी सरासरी मात्रा 26 ग्रेच्या वर गेली, तर ती सावरणं अवघड होतं. ट्यूमरसाठी मात्र साठ-सत्तर ग्रे लागतात. त्यामुळे किरणांची तीव्रता जागेप्रमाणे कमी-जास्त करून ग्रंथी वाचवणारं ‘आयएमआरटी’ तंत्र आलं. ब्रिटनमधल्या ‘पारस्पोर्ट’ चाचणीचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. जुन्या पद्धतीच्या रेडिएशननंतर वर्षभराने 74 टक्के रुग्णांना त्रासदायक कोरड होती, आयएमआरटीनंतर 38 टक्क्यांना. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही दोन्ही पद्धतींची तुलना झाली आणि कौल त्याच बाजूने पडला.

म्हणजे ‘कोरडं तोंड’ या एकाच तक्रारीमागे तीन वेगळ्या अवस्था असू शकतात: ग्रंथी दाबलेल्या, ग्रंथी झिजत चाललेल्या, ग्रंथी जळालेल्या.

ओल्या जागी चिकटायचं कसं

साधी चिकटपट्टी ओल्या पृष्ठभागावर बसत नाही. तोंडात चिकटण्याचं शास्त्र याच्या उलट आहे. तिथे ओलीमुळेच पकड मिळते. डिंक, सेल्युलोजचे काही प्रकार, कार्बोमर यांचे लांबलचक रेणू पाण्यात फुगतात. अस्तरावरच्या म्यूसिनचे रेणूही तसेच लांब. दोन्ही एकमेकांत गुंततात आणि हायड्रोजन बंधांनी धरून राहतात. पूर्वी टपालाच्या तिकिटांमागे बाभूळकुळातल्या झाडाचा डिंक लावत आणि तिकीट जिभेला लावून ओलं करत. झायलीमेल्ट्स चकतीच्या चिकट बाजूलाही त्याच कुळातला डिंक असतो.

ही युक्ती औषधशास्त्रात नवी नाही. 1947 साली दंतवैद्यांनी ट्रागाकांथ डिंक आणि कवळी चिकटवण्याची पूड एकत्र करून पेनिसिलिन तोंडाच्या अस्तरावर टिकवून धरण्याचा प्रयोग केला होता. तोंड येण्यावर लावायची चिकट मलमं त्याच घराण्यातली.

पण याच शास्त्रातून पट्टीची एक मर्यादाही दिसते. जिथे ओलच नाही तिथे डिंक फुगणार कसा? अगदी कोरड्या ठणठणीत हिरडीवर चकती दाबली तर ती नीट बसत नाही, कडेने टोचते, ओढून काढली तर अस्तर सोलतं. म्हणून आधी पाण्याची चूळ भरावी, जागा ओली करावी, बोटाने काही क्षण दाबून धरावं. काढायची झाल्यास पुन्हा पाणी तोंडात धरून सैल होऊ द्यावी.

गोड, तरी कीड नाही

चकतीचा मोठा भाग झायलिटॉल असतो. चवीला साखरेइतकंच गोड, विरघळताना तोंडाला किंचित गारवा देणारं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांच्या प्रयोगशाळेत ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालं. त्याचं नाव झालं ते फिनलंडमुळे. तुर्कू शहरात 1970च्या दशकात झालेल्या अभ्यासात साखरेऐवजी झायलिटॉल खाणाऱ्यांच्या दातांना फार कमी कीड लागली. दात किडवणारे जंतू साखरेचं आम्ल करतात. झायलिटॉल त्यांना पचवता येत नाही.

रात्रभर तोंडात गोड ठेवायचं असेल तर हा गुण निर्णायक आहे. घशाला कोरड पडली की आपल्याकडे खडीसाखर, लिमलेटची गोळी, ज्येष्ठमधाची साखर घातलेली वडी तोंडात धरण्याची रीत आहे. ज्याची लाळ भरपूर आहे त्याला ती चालून जाईल. ज्याची आटली आहे त्याच्या दातांना ती वर्षभरात पोखरते, कारण आम्ल धुऊन न्यायला तिथे कुणी नाही. लिंबू, चिंच, आवळा यांनी लाळ झपाट्याने सुटते हे खरं. पण त्यांचं स्वतःचं आम्ल दातांच्या मुळावर येतं. स्वतःचे दात असतील तर आंबट चघळत बसू नये. साखर न लावलेली बडीशेप, वेलदोडा किंवा बिनसाखरेचं च्युइंगम त्यापेक्षा बरं. झोपेत मात्र चघळता येत नाही. जागेपणी हाती असलेले हे उपाय झोपेत बंद होतात. पट्टीची गरज नेमकी तिथून सुरू होते.

झायलिटॉलबद्दल दोन सावधगिऱ्या. जास्त प्रमाणात घेतलं तर पोट ढिलं होतं. आणि कुत्र्यासाठी ते विष आहे, तेव्हा पाकीट त्याच्या आवाक्याबाहेर ठेवावं. 2024 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी रक्तातल्या वाढलेल्या झायलिटॉलचा हृदयविकाराशी संबंध दाखवला, तेव्हा बरीच खळबळ झाली. त्यांनी प्रयोगात 30 ग्रॅम झायलिटॉल घातलेलं पेय दिलं होतं. एका चकतीत असतं ते अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. हृदयविकाराच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारावं हे बरोबर, पण दोन आकड्यांतलं अंतरही लक्षात ठेवावं.

पुरावा काय म्हणतो

कोक्रेन या संस्थेने 2011 साली कोरड्या तोंडावरच्या वरून लावायच्या उपायांचा आढावा घेतला. फवारे, जेल, गोळ्या, च्युइंगम अशा उपायांच्या 36 चाचण्या, 1,597 रुग्ण. निष्कर्ष असा, की यातला कोणताही उपाय कोरडीची तक्रार दूर करतो असं म्हणण्याइतका ठाम पुरावा नाही. ज्यांच्या ग्रंथींत जीव आहे त्यांची लाळ च्युइंगमने वाढते, पण ते कृत्रिम लाळेपेक्षा चांगलं की वाईट हे सांगता येत नाही.

या निष्कर्षाने निराश व्हायचं कारण नाही. अशा उपायांची चाचणी घेणंच अवघड असतं. तोंडात काहीही ठेवलं, अगदी चव नसलेली खोटी चकतीसुद्धा, तरी स्पर्शाने थोडी लाळ सुटतेच. त्यामुळे खऱ्या-खोट्यातला फरक पुसट होतो. शिवाय कोरड ही अनुभवायची गोष्ट; लाळ मोजून वाढलेली दिसली नाही तरी जीभ सहज फिरू लागली की रुग्णाला बरं वाटतं. पट्टीच्या बाजूने सांगता येईल ते इतकंच, की ती फवाऱ्यापेक्षा जास्त वेळ टिकते आणि झोपेत काम करते. पाण्याच्या घोटाने जो बुळबुळीत थर धुऊन जातो, तो पट्टी राखते. ती ग्रंथींना बरं करत नाही.

गोळीने लाळ वाढवायची तर पायलोकार्पीन आहे. ब्राझीलमधल्या एका झुडपाच्या पानांतून ते 1875 साली वेगळं केलं गेलं. काचबिंदूच्या थेंबांमुळे ते अनेकांना ठाऊक आहे. धोत्रा ज्या जागा अडवतो, त्याच जागांवर बसून हे रसायन पेशींना चेतवतं. रेडिएशननंतरच्या कोरडीसाठी अमेरिकेत त्याला 1994 साली मान्यता मिळाली. पण ते फक्त तोंडापुरतं थांबत नाही; दरदरून घाम येतो, लघवी वाढते, दम्याच्या रुग्णाला त्रास होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते घेऊ नये.

मोजल्यावर ठरवा

चकती हिरडीला चिकटलेली असल्याने घशात सरकण्याची भीती कमी, पण ती शून्य नाही. गिळण्याचा त्रास असलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा गुंगीत असलेल्या रुग्णाला ती लावू नये. रेडिएशन चालू असताना तोंड सोललेलं असतं, तेव्हा तर नाहीच. कवळी रात्री काढूनच झोपावं. फ्लोराइडची पेस्ट आणि दंतवैद्यांकडे नियमित तपासणी, ही दोन्ही पट्टी लावणाऱ्यांनाही चुकत नाहीत.

पण पट्टीवर पैसे घालण्याआधी एक साधी तपासणी करून घेण्यासारखी आहे. दंतवैद्य रुग्णाला काही न चघळता शांत बसवतात आणि तोंडात जमेल ती लाळ पंधरा मिनिटं एका भांड्यात सोडायला सांगतात. दीड मिलिलिटरपेक्षा कमी जमली, म्हणजे मिनिटाला 0.1 पेक्षा कमी, तर लाळ खरोखर घटलेली. मग चघळायला देऊन पुन्हा मोजतात. चघळल्यावर ती चांगली वाढली, तर ग्रंथी जिवंत आहेत. अशा माणसाला पट्टी, च्युइंगम, बडीशेप यांचा उपयोग होईल, आणि गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवून एखादी बदलून घेतली तर कदाचित पट्टीचीही गरज उरणार नाही. चघळूनही भांडं कोरडंच राहिलं, तर ग्रंथींना कितीही चेतवून फायदा नाही. तिथे सेल्युलोजची कृत्रिम लाळ, जेल, उशाशी पाणी आणि दातांची कडक राखण हाच मार्ग. मग पट्टीवरचा खर्च वाचवून तो दंतवैद्यांकडच्या फेऱ्यांसाठी ठेवलेला बरा.